जायफळ पळवणाऱ्यांची बाग

मॉरिशसच्या सहलीच्या माहितीपत्रकात 'बोटॅनिकल गार्डन' हे शब्द नेहमी मधल्याच एखाद्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या जरा आधी, अंग चोरून बसलेले असतात. पॅरासेलिंग ठळक अक्षरांत, समुद्राखालच्या सफरीपुढे दोन उद्गारचिन्हं, आणि बागेपुढे नुसता स्वल्पविराम. त्यामुळे बस बागेच्या फाटकाशी थांबते तेव्हा मराठी मंडळींत दोन तट पडलेले असतात. एका तटाला बसमध्येच एसी खात बसायचं असतं. दुसऱ्या तटाला पैसे भरलेत म्हणून उतरायचं असतं. झाडांसाठी कोणीच आलेलं नसतं. "आमच्या राणीच्या बागेत पेंग्विन आहेत," असं एक काका भायखळ्याच्या वतीने जाहीर करतात आणि मॉरिशसचा पहिला पराभव फाटकाबाहेरच होतो.

फाटक मात्र बघण्यासारखं आहे. पांढरं, उंच, नक्षीदार, घडीव लोखंडाचं. १८६२च्या लंडनच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलेलं हे फाटक लिएनार नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका फ्रेंच गृहस्थाने बागेला दिलं, असं सांगतात. गावाचं नाव पाँपलमूस. राजधानी पोर्ट लुईपासून साधारण अकरा किलोमीटर. डचांनी जावाहून आणलेल्या पपनसांवरून हे नाव पडलं. गणपतीच्या माटोळीला पपनस टांगणाऱ्या गोव्याच्या आणि तळकोकणाच्या माणसाला हे ऐकून एकदम घरचं वाटतं आणि मग तो पुढचा तासभर बागेत पपनसच शोधत राहतो.

बागेचं अधिकृत नाव १९८८पासून सर शिवसागर रामगुलाम बोटॅनिकल गार्डन. रामगुलाम म्हणजे स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान. बिहारमधून उसाच्या मळ्यात मजुरीला आलेल्या घरातले. १९८५मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कार याच बागेत झाले. सदतीस हेक्टरांच्या या जागेत एका देशाच्या नेत्याची चिता, फ्रेंच गव्हर्नराचा भाजीचा मळा आणि डचांच्या डोळ्यांदेखत उडवलेलं जायफळ एवढं सगळं एकत्र नांदतं. ते बघायला मात्र गाईड लागतो.

गाईड घ्यावा की नाही, यावर दुसरी फूट पडते. "झाडं काय, पाटी वाचून कळतात," हा एक पक्ष. पाट्या लॅटिनमध्ये आहेत हे कळल्यावर तो शांत होतो. पाँपलमूसचे गाईड ही एक वेगळीच जात आहे. फ्रेंच माणसाशी फ्रेंच, इंग्रजाशी इंग्रजी, आपापसांत क्रिओल, भारतीय पाहुणे दिसले की सिनेमातून कमावलेली हिंदी, आणि कोणी उत्तरेकडचं निघालं तर घरची भोजपुरी. त्यांचा ठरलेला खेळ पानांचा. एक पान तोडायचं, चुरगाळायचं, नाकाशी धरायचं आणि विचारायचं, "ओळखा!" युरोपीय पाहुणे इथे नाताळच्या केकपाशी अडकतात. मराठी गटात पुरुष आकाशाकडे बघतात आणि काकू पुढे सरसावतात. दालचिनी. कापूर. लवंग. एकामागून एक, न चुकता. गाईड मग ऑलस्पाइसचं पान काढतो, कारण त्याला लवंग, दालचिनी, जायफळ असे सगळेच वास एकदम येतात. काकू क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "हा तयार मसाला आहे." वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर चूक असलं तरी स्वयंपाकघराच्या दृष्टीने पूर्ण मार्कांचं आहे.

बाग सुरू झाली ती मात्र शास्त्रासाठी नाही आणि सौंदर्यासाठी तर अजिबात नाही. ती भाजीसाठी सुरू झाली. १७३५ साली माहे द ला बूर्दोने हा फ्रेंच गव्हर्नर बेटावर आला. त्याने इथे 'मों प्लेझीर' नावाची जागा घेतली आणि शहराला, घराला आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना ताजी भाजी मिळावी म्हणून मळा लावला. महिनोन्महिने खारवलेल्या मांसावर जगलेल्या खलाशांना एखादा कोबी दिसला की काय आनंद होत असेल, याची कल्पना सहलीत चौथ्या दिवशी पोळी-भाजी दिसलेल्या मराठी माणसालाच येऊ शकते.

याच गव्हर्नराने ब्राझीलकडून मॅनिऑकचा कंद आणवला, मळेवाल्यांनी तो लावलाच पाहिजे असा हुकूम काढला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. कंद विषारी आहे, अशी ओरड झाली. ती अगदीच खोटी नव्हती. कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात आणि ती धुऊन-शिजवून घालवावी लागतात. आज हाच कंद तामिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून पांढरेशुभ्र मणी होऊन महाराष्ट्रात येतो आणि आषाढी एकादशीला अख्खं राज्य त्याच्या खिचडीवर कडक उपास करतं. ला बूर्दोनेला हे कळलं असतं तर त्याला थोडं समाधान वाटलं असतं. त्याचं पुढे फार बरं झालं नाही. १७४६मध्ये त्याने इंग्रजांकडून मद्रास जिंकलं, मग त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप आला, आणि मद्रास जिंकणारा माणूस पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात जाऊन बसला.

पण बागेचा खरा नायक दुसराच. त्याचा अर्धपुतळा बागेत आहे आणि त्याच्या नावाचा पाम वृक्षांचा रस्ताही आहे. पिएर प्वाव्र. फ्रेंचमध्ये या आडनावाचा अर्थ मिरी, आणि या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मसाल्यांवर डोळा ठेवला. कादंबरीकाराने असं नाव दिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

प्वाव्र १७१९चा, लियोंचा. तरुणपणी तो ख्रिस्ती मिशनबरोबर चीनकडे निघाला. वाटेत कोणीतरी त्याला चिनी भाषेतलं एक शिफारसपत्र दिलं. चिनी येत नसल्यामुळे त्याने ते मोठ्या अभिमानाने कँटनमधल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. पत्रात लिहिलं होतं की एका युरोपियन माणसाने आपल्याला फसवलं आहे, तरी हे पत्र आणणाऱ्याला योग्य ती शिक्षा व्हावी. साहजिकच तो तुरुंगात गेला. तिथे चिनी शिकला, आपली बाजू त्याच भाषेत मांडून सुटला आणि वर अधिकाऱ्यांशी दोस्ती केली. ही गोष्ट त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. चरित्रकाराचं नाव द्यु पाँ द नमूर, आणि प्वाव्रच्या मृत्यूनंतर याच चरित्रकाराने त्याच्या विधवेशी लग्न केलं. तेव्हा चरित्रात नायकाबद्दल थोडा अधिक आपलेपणा आला असेल तर समजून घ्यावं. या चरित्रकाराच्या मुलाने पुढे अमेरिकेत बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला. आजची ड्युपाँ कंपनी ती हीच.

१७४५मध्ये मायदेशी परतताना इंडोनेशियातल्या बांका सामुद्रधुनीजवळ इंग्रजांनी प्वाव्रच्या जहाजावर हल्ला केला. तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा हात गेला आणि पाद्री व्हायची वाटही तिथेच संपली. जखमी कैदी म्हणून तो डचांच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पोचला. तिथे पडल्या पडल्या त्याने एक गोष्ट नीट बघितली: जायफळ आणि लवंग यांच्यावर डच किती पैसा कमावतात.

किती, ते सांगायला हवं. बांदाच्या चिमुकल्या बेटांवरच तेव्हा जायफळ होत असे. ती बेटं ताब्यात घ्यायला डचांनी १६२१मध्ये तिथली बहुतेक सगळी वस्ती कापून काढली, हाकलली किंवा गुलाम केली. यात हसण्यासारखं काहीही नाही. १६६७च्या तहात रन नावाच्या एवढ्याशा जायफळाच्या बेटावरचा इंग्रजांचा हक्क संपला आणि इंग्रजांकडे राहिलं मॅनहॅटन. त्या वेळी हा सौदा डचांना फायद्याचा वाटला. जायफळ कोणी रुजवू नये म्हणून डच ते चुन्यात बुडवून विकत. भाव पडू नयेत म्हणून ॲम्स्टरडॅममध्ये मसाल्यांचे ढीग जाळल्याच्या नोंदी आहेत. कांद्याचा भाव पडल्यावर तो रस्त्यावर ओतणाऱ्या लासलगावच्या शेतकऱ्याने हे वाचलं तर त्याला एवढंच वाटेल की यांच्याकडे तेव्हा विरोधी पक्ष नव्हता.

प्वाव्रने ठरवलं, हे जायफळ पळवायचं. फ्रान्सच्या बेटावर लावायचं. १७५०च्या दशकात त्याने मनिलाकडून आणि तिमोरकडून काही रोपं कशीबशी मिळवली आणि मॉरिशसला आणली. ती मेली.

का मेली, यावर अठराव्या शतकातलं एक उत्तम भांडण झालं. बेटावर फ्यूजे-ओब्ले नावाचा फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा औषधशास्त्री आणि वनस्पतितज्ज्ञ होता. प्वाव्रचं म्हणणं, याने मत्सरापोटी माझी रोपं मुद्दाम मारली. ओब्लेचं म्हणणं, मुळात ही खरी जायफळाची रोपंच नाहीत. दोघांची पत्रं, तक्रारी, अहवाल पॅरिसपर्यंत गेले. कोकणात एका बांधावरून दोन घरांत तीन पिढ्या दिवाणी दावा चालतो, त्यातल्या वकिलांनाही इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ओब्ले पुढे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात गेला आणि तिथल्या झाडांवर मोठं नाव मिळवलं. रोपं कशाने मेली, हे ठरवायला आता रोपंही नाहीत आणि ओब्लेही नाही. बाजू घ्यायचीच झाली तर ओब्लेची घ्यावी. नवखी रोपं लांबच्या प्रवासानंतर कोणाच्या मत्सराशिवायही मरतात. हे ऑनलाइन रोपं मागवणाऱ्या पुण्याच्या कोणालाही ठाऊक आहे.

प्वाव्र मात्र हटणारा नव्हता. १७६७मध्ये तो पुन्हा आला, या वेळी राजाचा मुख्य प्रशासक म्हणून. मों प्लेझीरची बाग त्याने स्वतः विकत घेतली. आता चोरीला सरकारी अंदाजपत्रक मिळालं. दोन छोटी जहाजं मोलुक्का बेटांकडे रवाना झाली. डचांच्या गस्ती चुकवत, डचांवर खार खाऊन असलेल्या तिथल्या स्थानिक राजांशी बोलणी करत त्यांनी गेबे बेटाजवळ रोपं आणि बिया जमवल्या, आणि जून १७७०मध्ये ती पोर्ट लुईला परतली. आणखी एक फेरी १७७२मध्ये परतली. गुलामगिरी वाईट आहे, असं प्वाव्रने जाहीरपणे म्हटलं होतं. बागेत खणणं, पाणी घालणं, रोपांना सावली करणं ही कामं मात्र गुलामच करत होते. पुतळा प्वाव्रचा आहे.

१७७२मध्ये प्वाव्र फ्रान्सला परत गेला. १७७५पासून बागेची धुरा आली जाँ-निकोला सेरेकडे, आणि त्याने ती पस्तीस वर्षं वाहिली. या बागेच्या इतिहासात चोऱ्या करणारे चमकतात. पाणी घालणारा सेरे पाहुण्यांना आठवत नाही. त्याच्या हाताखाली १७७६मध्ये लवंग आली, १७७८मध्ये पहिलं जायफळ धरलं. ते तोडायचा चक्क सोहळा झाला. एका जायफळासाठी गव्हर्नर हजर! आपल्याकडे ते श्रीखंडावर किसताना कोणी उठूनसुद्धा उभं राहत नाही.

जायफळाला एवढा वेळ लागण्याचं एक कारण त्याच्या स्वभावात आहे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि सहा-आठ वर्षांनी फुलल्याशिवाय कोण कोण ते कळत नाही. एवढी वर्षं पाणी घालून, वादळापासून वाचवून शेवटी झाड नर निघालं तर शेतकऱ्याने काय करायचं? कोकणातल्या नारळाच्या बागांत आंतरपीक म्हणून जायफळ लावणाऱ्यांनी हा मनस्ताप भोगलेला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर कलमांचा मार्ग काढला आणि 'कोकण सुगंधा' ही जात दिली, जिच्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात. प्वाव्रला दापोलीचा पत्ता माहीत असता तर त्याचं निम्मं आयुष्य वाचलं असतं.

आणि एवढं करून मॉरिशसला मिळालं काय? मसाल्यांचं साम्राज्य काही झालं नाही. दर काही वर्षांनी येणारी चक्रीवादळं झाडं आडवी करून जात. टिकला तो ऊस, कारण तो वादळात वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. लवंगेची रोपं इथून रेयुनियनला, सेशेल्सला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झांझिबारला गेली, आणि झांझिबार लवंगेचा राजा झाला. तिथली लवंग मग मुंबई बंदरात उतरू लागली. १९३७मध्ये झांझिबार सरकारने लवंगेच्या व्यापारातून भारतीय व्यापाऱ्यांना बाजूला सारणारे कायदे केले, तेव्हा भारताने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार टाकला. मसालेभातातून लवंग काढणं हे राष्ट्रीय कर्तव्य झालं. ज्या घरांत ती नाहीतरी ताटाच्या कडेला काढून ठेवतात, त्यांना हे व्रत सोपं गेलं असावं.

प्वाव्रच्या घरी पाहुण्यांची वर्दळ असे. त्यातली एक जोडी सिनेमात शोभेल अशी. बूगँव्हील या फ्रेंच कप्तानाच्या जगप्रदक्षिणेवरचा वनस्पतितज्ज्ञ फिलिबेर कॉमेर्सों १७६८मध्ये इथे उतरला, आणि त्याच्याबरोबर त्याचा मदतनीस. जहाजावर बायकांना बंदी होती. हा मदतनीस जड पेट्या उचलायचा, डोंगर चढायचा, कधी कुरकुर करायचा नाही. ताहितीजवळ कळलं की हा 'तो' नसून 'ती' आहे: जान बारे, कॉमेर्सोंची सहचारिणी. दाराबाहेर दिसणाऱ्या बोगनवेलीला त्या कप्तानाचं नाव कॉमेर्सोंनेच दिलं. १७७३मध्ये तो या बेटावरच वारला. त्यानंतर काही दिवसांतच, मृत्यूची बातमी पोचायच्या आत, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं. जान बारेने पोर्ट लुईत दारूचा गुत्ता चालवला, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी दारू विकल्याबद्दल दंड भरला, एका सैनिकाशी लग्न केलं आणि फ्रान्सला परतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असं करणारी ती पहिली स्त्री. कॉमेर्सोंच्या नावाने डझनावारी वनस्पती आहेत. तिच्या नावाने एक आहे, वांग्या-बटाट्याच्या कुळातली, आणि तीसुद्धा २०१२मध्ये.

आणखी एक पाहुणा बर्नार्दां द सँ-पिएर हा लेखक. प्वाव्रच्या बायकोवर त्याचा जीव जडला आणि तिने त्याला नीट वाटेला लावलं. मग त्याने 'पॉल ए व्हिर्जिनी' ही या बेटावरची शोकान्त प्रेमकथा लिहिली. १७८८मध्ये ती छापली गेली आणि युरोप रडला. इतका रडला, की पुढे पाँपलमूस गावात त्या काल्पनिक जोडीच्या समाध्या पाहुण्यांना दाखवू लागले आणि पाहुणे त्यांचे टवके आठवण म्हणून घेऊन जाऊ लागले. पर्यटन हा उद्योग तेव्हाही असाच चाले.

आता तळं. गट जिवंत होतो तो इथे. लांबट तळ्यात व्हिक्टोरियाची मोठाली पानं, गोल, काठ वर वळलेले. दोन-दोन मीटर रुंदीची सहज होतात. बघणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो आणि तो तो विचारतोच: "यावर माणूस बसतो का?" हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. १८४९मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने अशाच एका पानावर आपल्या लहानग्या लेकीला उभं केलं होतं आणि चित्रकारांनी ते चित्र छापलं. पानाखालच्या शिरांची जाळी बघून त्याला इमारतीची कल्पना सुचली आणि १८५१चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. मराठी गटात अशा वेळी कोणाचं तरी नातवंड हातात धरलं जातं, आजोबा अंदाज घेतात, गाईड घाईघाईने सांगतो की पानाच्या खालून सगळे काटे असतात. आजोबा नातवंड खाली ठेवतात. आजीचा श्वास सुटतो.

फुलाची गंमत संध्याकाळी असते. पहिल्या रात्री ते पांढरं उमलतं, वास सोडतं, आतून गरम होतं. मूळच्या ॲमेझॉनमध्ये त्या वासाला भुलून भुंगे आत जातात, फूल मिटतं, आणि ते रात्रभर नि दिवसभर अडकतात. दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन ते उघडतं, परागांनी माखलेले भुंगे सुटतात आणि पुन्हा एखाद्या पांढऱ्या फुलात जाऊन अडकतात. अनुभवातून न शिकणारा प्राणी फक्त माणूसच नाही, एवढं यातून कळतं. बाग संध्याकाळी बंद होते, त्यामुळे पांढरं फूल बहुतेक पाहुण्यांच्या नशिबी नसतं. फोटोत येतं ते दुसऱ्या दिवसाचं, थकलेलं, गुलाबी.

ताडांत सगळ्यांत उदास कहाणी टॅलिपॉटची. तीस ते ऐंशी वर्षं हे झाड गप्प उभं राहतं. मग एकदाच डोक्यावर सहा-आठ मीटर उंचीचा फुलोरा काढतं, लाखो फुलं, आणि फळं धरली की मरतं. याच झाडाच्या बियांना आपल्याकडे बजरबट्टू म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या मुलांच्या गळ्यात त्या बांधत. गाईडने ही कहाणी सांगितली, की निवृत्त काका विचारात पडतात. आयुष्यभर नोकरी, एकदाच मोठा खर्च, आणि मग... "आपण लेकीच्या लग्नात तेच केलं," असं ते बायकोला हळूच म्हणतात. बायको त्यांना पुढच्या झाडाकडे नेते.

पुढचं झाड बहुतेक कोणा पाहुण्या नेत्याने लावलेलं असतं. मों प्लेझीरच्या वाड्याभोवती जगभरच्या नेत्यांच्या हातची झाडं आहेत: इंदिरा गांधी, मित्तेराँ, मंडेला. (वाडाही ला बूर्दोनेचा नाही बरं का. तो इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बांधला. ला बूर्दोनेचं फक्त नाव उरलंय.) इंदिराबाईंच्या झाडापाशी भारतीय गटांत राजकीय चर्चा हमखास पेटते, आणि झाड कोणतं हे कोणीच बघत नाही.

या बागेत मूळचं मॉरिशसचं काय, असा प्रश्न विचारावासा वाटतो. बागेतलं सांबर जावाचं. डचांनी १६३९मध्ये बेटावर सोडलं. ऊसही त्यांनीच आणला. भलीमोठी कासवं अल्दाब्रा बेटांची, कारण मॉरिशसची स्वतःची कासवं खलाशांनी खाऊन संपवली. डोडो संपला, एबनीची जंगलं डचांनी तोडून विकली. १८६६-६७मध्ये मलेरियाने बेट पोखरलं तेव्हा दलदल सुकवायला निलगिरीची रोपं वाढवली ती याच बागेत, आणि निलगिरी ऑस्ट्रेलियाची. उपयुक्त झाडं बाहेरून आणणाऱ्यांच्या नावांचा एक संगमरवरी स्तंभही बागेत आहे. चोरीचा माल आणणाऱ्यांची नावं कोरून ठेवणारं दुसरं सरकारी स्मारक जगात शोधावं लागेल.

खास इथलं म्हणावं असं एक झाड बघायचं तर दुसऱ्या बागेत, क्युरपिपला जावं लागतं. ह्योफोर्बे अमारिकॉलिस या ताडाचं जगात एकच झाड उरलंय आणि ते तिथे कुंपणात आहे. त्याला नर फुलंही येतात, मादी फुलंही येतात, पण एकाच वेळी येत नाहीत. प्रयोगशाळेत त्याची रोपं करायचे प्रयत्न झाले. सुरुवातीची रोपं टिकली नाहीत.

माणसंही बाहेरूनच आली. १८३४नंतर करारावर मजुरीला आलेले भारतीय सुमारे साडेचार लाख. त्यांतले काही मुंबई बंदरातून आलेले मराठी, बरेचसे रत्नागिरी भागातले. त्यांच्या नातवंड-पणतवंडांच्या घरात आज क्रिओल बोलतात, शाळेत मराठी हा विषय असतो, गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते, आणि कोकणातलं जाखडी नृत्य 'झाकरी' म्हणून तिथे अजून नाचतात. गाईडांतला एखादा या घरांतला निघाला, तर सहलीचा रंगच पालटतो. झाडं बाजूला पडतात. "मूळ गाव कुठलं हो?" असा प्रश्न येतो. तो सांगतो, "व्हाक्वा." गटातली एक मावशी म्हणते, "नाही, ते आत्ताचं. त्याच्याआधीचं!" त्याला ते ठाऊक नसतं. मावशी त्याचा चेहरा बघून संगमेश्वर ठरवून टाकतात, आणि तो सभ्य माणूस असल्यामुळे मान्य करतो.

मॉरिशसला जाणाऱ्यांनी ही बाग टाळू नये. सकाळी लवकर जावं, गाईड जरूर घ्यावा आणि जायफळाचं झाड दाखवायला त्याला आठवणीने सांगावं, कारण तो मुद्दाम तळ्याकडेच नेतो. खाली पडलेल्या बिया बघून हात शिवशिवतील. खिशात टाकू नका. २००३च्या वनस्पती आयात नियमांप्रमाणे परवान्याशिवाय बी-रोप भारतात आणता येत नाही, आणि मुंबई विमानतळावरच्या अधिकाऱ्याला प्वाव्रचं उदाहरण देऊन भागत नाही. पुरणासाठी जायफळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं. मॉरिशसहून आणायचीच तर साखर आणा किंवा व्हॅनिलाच्या शेंगा. दुकानात मिळतात आणि पावतीही देतात.